कुर्ल्याहून सोलापूरला : एका फियाटचा प्रवास

मुंबईच्या कुर्ला पश्चिम भागात ‘प्रीमियर रोड’ नावाचा एक रस्ता आहे. ज्या कारखान्यामुळे त्याला हे नाव मिळाले, तो कारखाना आता तेथे नाही. त्याच्या जमिनीवर उंच इमारती आणि कार्यालये उभी राहिली आहेत. सायंकाळी फाटकांमधून एकामागून एक मोटारी आत शिरतात, परंतु त्यांत येथे घडलेली मोटार एखादीही दिसत नाही. चार-पाच दशके देशाच्या रस्त्यांवर धावलेली फियाट याच परिसरात तयार होत होती, ही गोष्ट आता जुन्या रहिवाशांच्या आठवणीपुरती उरली आहे.

त्या कारखान्याचे मूळ मात्र मुंबईत नव्हे, सोलापुरात शोधावे लागते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. कापूस आणि सावकारी हा घरचा व्यवसाय सोडून ते रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले. १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा आणि त्यानंतर विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. मोटारींच्या कारखान्यासाठी मात्र त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले, कारण तत्कालीन सरकारला या योजनेविषयी उत्साह नव्हता. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिली वाहने बाहेर पडली. आरंभी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंद निवर्तले. १९६४ मध्ये आलेले ‘डिलाइट’ हे मॉडेल पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘पद्मिनी’ झाले. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत एकच नाव राहिले, ‘फियाट’.

सोलापूरच्या चाटी गल्लीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी अशीच एक फियाट होती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती १९७४ मध्ये घेतली होती. १९८२ च्या जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, बाजार विस्कटला आणि मुंबईकडील येणी अडकून पडली. देणी मात्र अडकत नाहीत. त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. अण्णांनी एका सकाळी गाडी विकली आणि त्याच आठवड्यात पुरवठादारांच्या हुंड्या चुकत्या केल्या. रोजमेळात ‘मोटार विक्री’ म्हणून रक्कम जमा झाली आणि मोटार खाते बंद झाले. त्यानंतर दुकान सावरले, वाढले. पण अण्णांनी दुसरी मोटार घेतली नाही. ते सायकलने आणि पुढे स्कूटरने दुकानात जात राहिले.

गाडी गेली तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. पन्नाशीला आल्यावर, २०२२ च्या दिवाळीत, त्याने जुनी फियाट घ्यायची इच्छा घरात बोलून दाखवली. सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसलेला नातू प्रथम हसला. त्या रकमेत चार-पाच वर्षे वापरलेली, वातानुकूलित, गंजाचा डाग नसलेली छोटी गाडी सहज मिळाली असती. हिशेबाने त्याचे म्हणणे बरोबरच होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या अण्णांनी दोन अटी घातल्या.

“दारात शोभेला उभी करायची असेल, तर घेऊ नकोस. रोज दुकानाला नेणार असशील, तर घे. आणि उसन्या पैशाने घेऊ नकोस.”

या दोन अटींनीच पुढच्या सव्वा वर्षाचे स्वरूप ठरवले.

जुनी मोटार प्रदर्शनासाठी घेणे आणि रोजच्या वापरासाठी घेणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि कायदाही तसाच भेद करतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, खासगी वाहन त्या नोंदणीस पात्र ठरते. परंतु असे वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रोज दुकानाला जाणाऱ्या गाडीला म्हणूनच सर्वसाधारण नोंदणीच ठेवावी लागते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाहनाची तपासणी करून घ्यायची, नूतनीकरणासाठी फॉर्म २५ भरायचा, पर्यावरण कर द्यायचा आणि विमा व प्रदूषण प्रमाणपत्र चालू ठेवायचे. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. पुढे २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते आणखी वाढले. जुनी गाडी घेताना हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरणे शहाणपणाचे ठरते.

गाडी मिळाली ती घाटकोपरच्या एका सोसायटीत. १९८६ ची पद्मिनी, एकाच कुटुंबाने वापरलेली आणि गेली तीन वर्षे जिन्याखाली उभी असलेली. ती पाहायला व्यापारी एकटा गेला नाही. टॅक्सींची कामे करण्यात आयुष्य गेलेल्या कुर्ल्याच्या एका वृद्ध मिस्त्रींना त्याने बरोबर नेले. मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी खिशातून लोहचुंबक काढले. जेथे ते पत्र्याला चिकटत नव्हते तेथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर होता, म्हणजे खाली गंज होता. मग पायपोस उचलून त्यांनी गाडीचा तळ स्क्रू ड्रायव्हरने ठोकून पाहिला. या गाडीला ट्रकप्रमाणे वेगळी चासी नसते. तळ, दारांखालच्या पट्ट्या आणि वरचा सांगाडा मिळूनच तिची ताकद बनते. त्यामुळे तळ कुजला असेल तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी गाडी घेण्यात अर्थ नसतो. येथे डाव्या बाजूची पट्टी खाल्ली गेली होती. तळ मात्र शाबूत होता. इंजिन सुरू झाल्यावर मागून निळसर धूर निघाला.

“ऑइल पिते आहे. रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल,” मिस्त्री म्हणाले. “पण शेठ, इंजिन दुरुस्त होतं. कुजलेला पत्रा पुन्हा पुन्हा त्रास देतो. ही घ्या.”

चासी आणि इंजिन यांवरचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहिल्यावर सौदा १,२०,००० रुपयांना ठरला. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी भरून सह्या घेतल्या. जुन्या वाहनांच्या व्यवहारात पुष्कळ लोक हे काम पुढे ढकलतात आणि मूळ मालक परगावी गेला किंवा निवर्तला की वर्षानुवर्षे अडकून पडतात.

एकूण खर्चाचा पहिला अंदाज अडीच लाखांचा होता. रंग खरवडल्यावर तो टिकला नाही. पत्र्याचे काम आणि रंग यांनाच १,३५,००० रुपये लागले. इंजिनाला ५८,०००, ब्रेक आणि पाट्यांना ३४,०००, टायरांना १८,०००, आसनांना २२,०००, वायरिंगला १६,००० आणि कागदपत्रांना १२,०००. गाडीची किंमत धरून बेरीज ४,१५,००० रुपयांवर गेली.

रंग खरवडलेली गाडी चार महिने तशीच उभी राहिली, त्याचे कारण हेच. ठरवलेली रक्कम संपली होती. इतक्या जुन्या गाडीवर सहजासहजी कर्ज मिळत नाही. दुकानाच्या भांडवलातून पैसे काढणे मात्र सोपे होते आणि तो मोह व्यापाऱ्याला झालाही. घरातील कोणाला कळलेही नसते. पण ज्या दुकानाची पत राखण्यासाठी पहिली फियाट गेली, त्याच दुकानाच्या पैशाने दुसरी आणणे त्याच्या मनाला पटेना. त्याने मिस्त्रींना जाऊन स्पष्ट सांगितले, झालेल्या कामाचे पैसे तेथेच चुकते केले आणि उरलेले काम थांबवण्याची विनंती केली. मिस्त्रींनी उघड्या पत्र्यावर गंजरोधक प्राइमरचा हात फिरवून ठेवला. त्याचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत.

काम पुन्हा सुरू झाले तेव्हा प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारला जात होता, हे रोजच्या धावण्याला उपयोगी आहे का? १०८९ सीसीचे हे चार सिलिंडरचे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ते शिसे वॉल्व्हच्या बैठकांना झीज होण्यापासून वाचवत असे, म्हणून इंजिन उतरवले त्याच वेळी कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या. आताच्या पेट्रोलमधील इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे इंधनाच्या सर्व नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधील वायसर नव्या प्रकारचे घातले. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आधुनिक गाडीइतक्या थोड्या अंतरात ही गाडी थांबत नाही, हे मान्य करूनच ती चालवावी लागते. तरीही व्हील सिलिंडर, लायनर आणि मास्टर सिलिंडर पूर्ण बदलले, पुढे सीट बेल्ट बसवले आणि १४ इंची चाकांना रेडियल टायर चढवले. आसनांना कातडे नको, मूळच्यासारखे रेक्झिनच हवे, हे घरातून आधीच ठरून आले होते. रंगाच्या बाबतीत मात्र मन मारावे लागले. अण्णांची गाडी राखाडी होती. या गाडीच्या नोंदणी पुस्तकात पांढरा रंग लिहिलेला होता. रंग बदलला तर परिवहन कार्यालयात तशी नोंद करून घ्यावी लागते. नव्या कटकटीपेक्षा पांढराच बरा, असे ठरले.

सुटे भाग मिळाले ते ऑपेरा हाऊसच्या बाजारातून आणि भंगारात निघालेल्या टॅक्सींमधून. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपताना हे दृश्य शहराच्या रस्त्यांवरून नाहीसे झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबरच्या एका सकाळी, सूर्योदय झाल्यावर पांढरी पद्मिनी कुर्ल्यातून निघाली. व्यापारी चालवत होता, शेजारी नातू होता. मागच्या आसनावर पाण्याचे कॅन, फॅन बेल्ट, प्लग आणि घरून आलेला डबा होता.

सोलापूर मुंबईपासून सुमारे चारशे किलोमीटर. नवी गाडी हे अंतर एका दिवसात सहज कापते. येथे दोन दिवस राखून ठेवले होते. घरात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असल्याने अंधाराआधी मुक्कामी पोहोचणे आवश्यक होतेच, आणि जुन्या दिव्यांच्या गाडीलाही तेच सोयीचे होते. पनवेलपासून त्यांनी जुना महामार्ग धरला. खोपोली सोडल्यावर बोरघाटाचा चढ सुरू होतो. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापाशी अनेक चालक वेग कमी करून नाणे वाहतात. या डोंगरातून वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्मारक, अशी लोककथा आहे. तेथे गाडी थांबवली ती तापमानाचा काटा वर सरकू लागला म्हणून. मिस्त्रींनी बजावून ठेवले होते की, चढावर इंधन पंप तापला तर पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो; घाई न करता पंपावर ओले फडके ठेवायचे. पंधरा मिनिटांनी काटा खाली आला.

त्या पंधरा मिनिटांत पलीकडच्या डोंगरातून आगगाडी गेली. बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांची कामे करणाऱ्या कंत्राटदारांत वालचंद हिराचंद यांची कंपनीही होती. ज्या माणसाने या डोंगरात बोगदे खोदले त्यानेच पुढे कुर्ल्यात मोटारी घडवण्याचा घाट घातला, हे नातवाला तेव्हा प्रथमच कळले.

दुपारनंतर पुण्याला पोहोचून आत्याकडे मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी हडपसर, यवत, पाटस, कुरकुंभ असा मार्ग. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात; ते पाहायला आलेल्यांपैकी काही जण पक्षी सोडून गाडीभोवती जमले. प्रत्येकाच्या घरी कधीतरी एक फियाट होती, किंवा काकांकडे होती, किंवा लग्नाच्या वरातीसाठी कोणाकडून तरी मागून आणलेली होती.

भिगवणहून महामार्ग सोडून त्यांनी वालचंदनगरचा रस्ता धरला. नीरा कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या फडांमधून गाडी जात असताना ती अचानक गचके देऊ लागली आणि बंद पडली. आसपास गॅरेज नव्हते. नातवाने मोबाइल काढला. तेवढ्यात ट्रॅक्टर दुरुस्तीला निघालेला एक तरुण मोटारसायकल थांबवून आला. कार्ब्युरेटरचे झाकण त्याने साध्या पान्याने उघडले. टाकीतला जुना गंज सुटून जेटमध्ये अडकला होता. टाकी आतून नीट साफ झालेली नव्हती. दुरुस्तीत राहून गेलेले ते एकमेव काम. तरुणाने जेट फुंकून स्वच्छ केला, टाकीच्या नळीत मोटारसायकलचा पन्नास रुपयांचा फिल्टर बसवला आणि वीस मिनिटांत इंजिन सुरू केले. फियाटला त्याने आयुष्यात प्रथमच हात लावला होता. नवी गाडी बंद पडली तर संगणक जोडल्याशिवाय दोष कळत नाही. येथे तो डोळ्यांना दिसला. नातवाने मोबाइल खिशात ठेवला आणि त्या तरुणाला विचारून सगळे भाग समजून घेतले.

वालचंदनगर हे गाव उद्योगासाठी वसवलेले. कळंबच्या माळावर वालचंदांनी उसाची शेती आणि साखरेचा कारखाना उभारला. पुढे येथे साखर कारखान्यांची यंत्रे बनू लागली आणि नंतर भारतीय अग्निबाणांचे भागही. झाडांच्या रांगांमधून जाणारे वसाहतीचे रस्ते आजही शांत आहेत. कुर्ल्यात या माणसाच्या नावाची खूण शोधावी लागते. येथे ती गावाच्या नावातच आहे. दोघांनी झाडाखाली गाडी उभी करून डबा उघडला, टायरांची हवा पाहिली आणि दीडच्या सुमारास ते इंदापूरकडे निघाले. टेंभुर्णी, मोहोळ मागे टाकून दिवस मावळण्याआधी गाडी सोलापूरच्या घरापुढे उभी राहिली.

घरातील सगळे बाहेर आले. सूनबाईंनी कुंकू लावले. अण्णा काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आले. गाडीला त्यांनी हात लावला नाही.

“हातउसने किती?” त्यांनी विचारले.

“काही नाही, अण्णा. मधे काम थांबवलं होतं.”

“मिस्त्रीचं?”

“सगळं चुकतं केलं.”

अण्णा काही न बोलता आत गेले आणि त्यांनी ताट वाढायला सांगितले.

त्यानंतर गाडी रोज निघू लागली. सकाळी मंदिर, मग दुकान, दुपारी घर. लिटरला ती बारा-तेरा किलोमीटर जाते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसवर जातो तेव्हा तिच्यात बसणे सोपे नसते. खिडकीपुढची तिकोनी काच वळवून येईल तेवढ्या वाऱ्यावर समाधान मानावे लागते. दर महिन्याला कुठे ना कुठे हात लावावा लागतो. पण आठ दिवस उभी राहिली तर ती अधिक कुरकुरते, बॅटरी उतरते, रबरे सुकतात. रोज चालवली की ठीक राहते. म्हाताऱ्या माणसांसारखेच तिचे आहे, असे सूनबाई म्हणतात. अर्थात अण्णांसमोर नाही.

अण्णा पहिले तीन आठवडे रिक्षानेच मंदिरात गेले. एका सकाळी रिक्षा आली नाही. ते दारात थांबले, मग स्वतःच मागचे दार उघडून आत बसले. परतताना चौकात गाडी थांबली तेव्हा त्यांनी पुढे वाकून सांगितले, “ब्रेक उशिरा लागतो आहे. उद्या दाखव.” दुसऱ्या दिवशी ब्रेक जुळवून घेतला. २४० रुपये लागले. सायंकाळी नातू तो खर्च संगणकात टाकत होता. अण्णांनी त्याला कपाटातली एक जुनी चोपडी काढायला सांगितली. बंद झालेल्या मोटार खात्याचे पान त्यांनी स्वतः शोधले, खाली कोरी जागा उरली होती तेथे बोट ठेवले आणि म्हणाले, “येथे लिही.”